जुन्या साड्या, चादरी आणि उन्हाळ्यातली घरची शिलाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला, परीक्षा संपल्या, कपाटं आवरायला काढली की पलंगावर ढीग पडतो आणि त्यात निम्म्या वस्तू अशा असतात की नेसवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. मग फोन सुरू होतात, अगं ह्या साडीचं काय करू, त्या चादरीचं काय होईल, मशीन पाच वर्षं बंद आहे ते चालेल का. सगळ्यांना तीच तीच उत्तरं देऊन झालीत म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी टेलर नाही, घरी शिवणारी आहे, त्यामुळे फिटिंगचे ब्लाऊज वगैरे इथे सापडणार नाहीत.

आधी काय ठरवायचं, काय शिवायचंय ते की कुठलं कापड वापरायचं ते?

कापड. नवीन कापड आणताना आपण आधी ठरवतो की कुर्ता शिवायचाय आणि मग दुकानात जाऊन अडीच मीटर मागतो, पण जुन्या कापडात ते उलटं होतं कारण तुमच्याकडे किती आणि कुठलं चांगलं कापड शिल्लक आहे हे ती साडी सांगते, तुम्ही नाही. मोबाईलवर एक छान फ्रॉक बघितला आणि त्यासाठी घरातली साडी शोधायला गेलात की हमखास नको तिथे जोड येतो, नाहीतर फ्रॉकच्या बरोबर मध्यावर विरलेला भाग येतो. आधी कापड पूर्ण उघडा, जमिनीवर पसरा, कुठे विरलंय, कुठे डाग आहे, कुठे पिनांची भोकं आहेत ते खडूने गोल करून ठेवा आणि मग बघा की मधे सलग तुकडा केवढा निघतो. तो तुकडाच सांगतो की अभ्रा होईल का गाऊन.

आणि जुन्या कापडाचा एक मोठा फायदा लोक विसरतात, ते जेवढं आटायचं तेवढं आटून झालेलं असतं, जेवढा रंग जायचा तो बहुतेक गेलेला असतो, आणि खळ निघून मऊ झालेलं असतं. नाशकात मे महिन्यात पारा चाळीशीला टेकतो तेव्हा अंगाला नवीन कॉटनपेक्षा दहा वर्षं धुतलेलं कॉटन कितीतरी बरं वाटतं.

कापडात अजून जीव आहे का हे कसं ओळखायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि सगळ्यात कमी विचारला जातो. खिडकीपाशी जा, कापड उजेडासमोर धरा. चांगल्या भागात विण सारखी दिसते, विरलेल्या भागात उजेड एकदम जास्त येतो, तिथे आडवे धागे सुटे सुटे दिसतात. मग दोन्ही हातांच्या चिमटीत दोन-तीन इंचाचं अंतर ठेवून कापड धरा आणि अंगठ्यांनी बाहेरच्या बाजूला हळूच ताणा. टिकाऊ कापड ताणलं जातं आणि परत जागेवर येतं, संपलेलं कापड बारीक कर्रकन आवाज करतं. तो आवाज आला की तिथे शिलाई मारायची नाही, कितीही सुंदर प्रिंट असू दे, कारण सुईची भोकं ओळीने पडली की ते तिथूनच फाटणार, पहिल्याच धुण्यात.

साडी कुठे विरते हे सुद्धा ठरलेलं आहे. कमरेला खोचतो तो वरचा पट्टा, निऱ्यांच्या घड्या, फॉलच्या वर टाचेला घासतो तो भाग, आणि खांद्यावर पिन लावतो ती जागा. ह्याउलट निऱ्यांच्या आतला पोटाचा भाग आणि पदराआधीचं अंग बऱ्याचदा नव्यासारखं असतं. चादरीत मधला भाग जातो (आपण तिथेच तर झोपतो) आणि कडेचे दीड दीड फूट चांगले राहतात, त्यामुळे जुन्या चादरीतून लांब पट्टे निघतात, मोठे चौकोन नाही. शर्टाची कॉलर आणि काखा जातात, पाठ मात्र ठणठणीत असते.

हे कॉटन आहे की मिक्स, कसं कळणार? लेबल तर नाहीये.

कडेचे चार-पाच धागे ओढून काढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा आणि पेटवा. कॉटन पटकन पेटतं, कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडली जाते. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि गार झालं की टोकाला कडक मणी होतो. रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्याचा वास, तो चुकत नाही. थोडं पेटलं थोडा मणी झाला म्हणजे टेरीकॉट किंवा तसलंच मिक्स. रेयॉन मात्र फसवतं, ते कॉटनसारखंच जळतं, फरक इतकाच की ते ओलं झालं की कमजोर पडतं, म्हणून धुताना पिळायचं नाही. उभे आणि आडवे दोन्हीकडचे धागे वेगवेगळे जाळून बघा बरं का, पुष्कळ साड्यांत ताणा एक आणि बाणा दुसरा असतो.

उन्हाळ्यात अंगावर घालायचं असेल तर मी मिक्सच्या वाटेला जात नाही. पिशव्या, कव्हरं, मशीनवर टाकायचे झाकण ह्यासाठी मिक्स चालतं, उलट जास्त टिकतं.

नाशकात जुनं किंवा स्वस्त कापड कुठे बघू?

आधी स्वतःच्या माळ्यावर, मग आईच्या, मग सासूबाईंच्या. हे गंमत म्हणून नाही, खरंच. त्यानंतर सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप, तिथे नुसतं टाकायचं की कॉटनच्या जुन्या साड्या, चादरी, पडदे कुणाला द्यायचे असतील तर सांगा, बघा दारात गठ्ठे येतात. बदल्यात दोन पिशव्या शिवून द्यायच्या, सगळे खूश.

विकत घ्यायचं म्हटलं तर मेनरोड, भद्रकाली, कापड पेठ ह्या पट्ट्यात कटपीसवाले आहेत, तिथे ठाणाचे शेवटचे तुकडे मिळतात, सव्वा मीटर, पाऊण मीटर असे, त्यात डाग किंवा विणीतला दोष असतो म्हणून स्वस्त असतात, उलगडून बघूनच घ्या. बुधवारी गंगेवरच्या (म्हणजे गोदावरीकाठच्या) बाजारात चक्कर मारली तर नशीब असेल त्या दिवशी चांगलं काही हाती लागतं, नसेल त्या दिवशी भाजी घेऊन यायचं. मालेगाव आपल्याच जिल्ह्यात आहे आणि तिथे यंत्रमागांवर साधं कापड ढिगाने विणलं जातं, कुणी ओळखीचं तिकडून येणार असेल तर अस्तरासाठी कोरं कापड मागवून ठेवा, पण ते कोरं असतं म्हणजे आटणार, आधी रात्रभर भिजवून वाळवायचं आणि मगच कापायचं.

बाहेरचं जुनं कापड घरात आणायला कसंतरी वाटतं. ढेकूण वगैरे?

वाटणं बरोबर आहे. पिशवी घरात उघडायचीच नाही, बाल्कनीत किंवा गच्चीवर उघडा, शिवणी आणि दुमडी उलट्या करून बघा, बारीक काळे ठिपके ओळीने दिसले तर ते कापड तिथूनच परत. बाकीचं कॉटन असेल तर चांगल्या कडकडीत गरम पाण्यात पावडर टाकून भिजवा, धुवा, आणि वाळल्यावर गरम इस्त्री शिवणींवरून दाबून फिरवा. नुसतं उन्हात टाकलं की सगळं मरतं अशी समजूत आहे, ऊन मदत करतं पण घडीच्या आत ते पोचत नाही, त्यामुळे गरम पाणी आणि इस्त्री हवीच.

डांबरगोळीचा वास असेल तर धुण्याआधी दोन-तीन दिवस सावलीत वाऱ्यावर टांगून ठेवा. आधी धुतलं तर वास पाण्यात जातो असं नाही, तो कापडातच बसतो आणि इस्त्री करताना परत येतो.

लाल-निळ्या कापडाचा रंग जाईल का? मिठाच्या पाण्यात ठेवलं तर पक्का होतो ना?

मीठ घातलं की रंग पक्का होतो हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय पण तसं होत नाही. रंगवताना मिठाचा उपयोग असतो, रंग कापडाकडे ढकलायला, पण एकदा रंगवून झालेल्या कापडातून जो सैल रंग निघतोय तो मिठाने थांबत नाही. सैल रंग निघून जाऊ देणं हाच उपाय, म्हणजे गार पाण्यात वेगळं धुवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. टेस्ट सोपी आहे, पांढरा ओला रुमाल कापडावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबा, रुमालाला रंग लागला तर ते कापड पांढऱ्याशी जोडू नका. उन्हाळ्यात घाम असतो हेही लक्षात ठेवा, रुमालाला किंचित जरी लागला तरी पाठीला लागणार.

आजीचं पायाचं काळं मशीन आहे, खूप वर्षं बंद. चालेल का, की नवीन घेऊ?

घेऊ नका, थांबा. ती मशीनं बंद असतात म्हणजे बहुतेक वेळा मेलेली नसतात, आतलं जुनं तेल घट्ट झालेलं असतं एवढंच. सुई काढा, दाते असतात त्या जागेची पट्टी उघडा, तिथे जो मळ, दोरे, कापूस गच्च बसलेला असतो तो ब्रशने काढा, प्रत्येक तेलाच्या भोकात मशीनचं तेल एक-दोन थेंब (खोबरेल नाही! खोबरेल थंडीत गोठतं आणि मशीन जाम होतं), आणि दोरा न घालता रिकामं पाच मिनिटं चालवा. परत तेल, परत चालवा. चामडी पट्टा ढिला झाला असेल तर चाक फिरतं आणि मशीन फिरत नाही, पट्टा थोडा कापून परत अडकवला की झालं.

पायाच्या मशीनचं एक सुख म्हणजे दुपारी लाईट गेली तरी काम थांबत नाही.

सुई मात्र नवीन आणा, हे सगळ्यात स्वस्त दुरुस्तीचं काम आहे. जुनी सुई काढताना तिची चपटी बाजू कुठल्या दिशेला होती ते बघून ठेवा आणि नवीन तशीच बसवा. नंबर असा, जुन्या मऊ साडीला ११, चादरीला आणि शर्टाला १४, जीन्सला १६. विरलेल्या साडीला १६ नंबरची सुई लावली की प्रत्येक टाक्याला मोठं भोक पडतं आणि मग शिलाईवर कापड उसवतं, तेव्हा लोक म्हणतात कापड खराब होतं.

खाली दोऱ्याचा गुंता होतो, वर सगळं नीट दिसतं. बॉबिन खराब झालंय का?

नाही, गुंता खाली दिसला तरी गडबड वरच्या दोऱ्यात असते. वरचा दोरा ओवताना दाबपाय वर उचललेला पाहिजे, तो खाली असेल तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मधे बसतच नाही, नुसता बाजूने जातो. सगळा दोरा काढा, पाय वर करा, पुन्हा ओवा. दहातल्या नऊ वेळा इथेच सुटतं. टाके सुटत असतील तर सुई बदला. आणि दर वेळी त्याच कापडाच्या चिंधीवर आधी टीप मारून बघा, दुसऱ्या कुठल्या कापडावर नाही.

मशीनच नाहीये, मग?

मग गोधडी. म्हणजे मोठी नाही, उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला पातळ हवी, नाशकात पहाटे गच्चीवर छान गार होतं आणि नुसती चादर पुरत नाही. मऊ कॉटनच्या दोन साड्यांमधे विरलेली तिसरी घालायची (जिला दुसरं काही करता येणार नाही ती इथे खपते), जमिनीवर ताणून पसरायची, मधून बाहेरच्या बाजूला कच्चे टाके घालून सगळे थर पकडून ठेवायचे आणि मग धावदोरा. कडेपासून सुरू केलं तर मधे फुगा येतो म्हणून मधून. आपल्याकडे बायका कडेने आत गोल गोल घालत जातात तेही जमतं पण त्याला हात बसलेला लागतो. दोरा दुहेरी, कॉटनचा, एका वेळी हातभर, जास्त लांब घेतला की गाठी पडतात. पोरांना सुट्टीत बसवायचं असेल तर ह्याहून चांगलं काम नाही, दोघं दोन कोपऱ्यांवर बसतात आणि टाका लहान-मोठा झाला तरी चालतो.

अगदी पहिल्यांदा शिवतेय. काय शिवू?

उशीचा अभ्रा. बटण नाही, चेन नाही, पाकिटासारखा आत सरकणारा. उशी १७ बाय २७ इंचाची असेल तर कापड १८ इंच रुंद आणि ६३ इंच लांब घ्या. दोन्ही आखूड कडा दुमडून टीप मारा, मग कापड उलटं करून असं घडी घाला की मधला भाग २७ इंचाचा येईल आणि टोकं साधारण ७ इंच एकमेकांवर येतील, दोन्ही बाजू शिवा, उलटवा. संपलं. जुन्या शर्टाचा करायचा असेल तर अजून सोपं, बटणपट्टी तशीच ठेवून पुढचा आणि पाठीचा भाग सारख्या मापाचे कापा, चारही बाजू शिवा, उशी बटणांतून आत घाला. बाबांच्या शर्टाचे अभ्रे आमच्याकडे पोरं भांडून घेतात.

कापड सरळ कापता येत नाही ही सगळ्यांची तक्रार असते. कॉटनला कात्री लावूच नका, कडेला अर्धा इंच काप द्या आणि टर्रकन फाडा, ते धाग्यातच फाटतं, स्केलपेक्षा सरळ. जुन्या विरलेल्या कापडाला हे करू नका, ते कुठेही जाईल.

साडीचा काफ्तान कसा करायचा? गळा नेहमी बिघडतो.

काफ्तान हा उन्हाळ्यातला राजा आहे आणि त्यात शिलाई जेमतेम चार ओळी. साडीचा पन्हा ४४-४५ इंच असतो, तोच हातापासून हातापर्यंत येतो. खांद्यापासून घोट्यापर्यंत ५० इंच हवं असेल तर साडीचा १०४ इंचाचा तुकडा घ्या, दोन्हीकडची ५०-५० आणि तळाच्या दुमडीला २-२. घडी खांद्यावर. आता बघा काय होतं, साडीचे काठ आपोआप दोन्ही हातांच्या कडेला येतात, म्हणजे तिथे दुमडायचं नाही, शिवायचं नाही, काठ हीच बाही. साडेपाच मीटरच्या साडीत सगळं कापड चांगलं असेल तर दोन काफ्तान बसतात, पण सहसा एकच बसतो कारण मधे विरलेला पट्टा असतो.

एक गोष्ट आधी बघा, साडीवर मोर, झाडं, कोयऱ्या एकाच दिशेने असतील तर पाठीवर त्या उलट्या लटकतील, कारण कापड खांद्यावरून एकच येतंय. तशा साडीला खांद्यावर कापून जोड द्यावा लागतो.

बाजूच्या शिलाईचं माप असं काढा, छाती ४० इंच असेल तर चौथा हिस्सा १० आणि त्यात ३ मोकळे, म्हणजे मध्यापासून १३ इंचावर दोन्हीकडे उभी रेघ. खांद्यापासून १०-११ इंच सोडून तिथून खाली टीप मारायची, तळाला चालायला एक-दीड फूट उघडं ठेवायचं. ३ च्या जागी २ घेऊ नका, मेमध्ये कळेल.

गळा. बिघडतो कारण आपण एकदम मोठा कापतो. मध्यापासून दोन्हीकडे साडेतीन-साडेतीन इंच, मागे एक इंच, पुढे पाच इंच, एवढाच गोल काढा, आणि पुढच्या मध्यावर चार इंचाचा उभा काप द्या म्हणजे डोकं जाईल. घालून बघा. लहान वाटला तर मोठा करता येतो. मग उरेब पट्टी, दीड इंच रुंद, त्याच साडीतून तिरकी कापलेली. सरळ पट्टी लावली तर गळा गोल वळत नाही, चुण्या येतात, आणि लोक समजतात शिलाई चुकली. पट्टी लावताना गळ्याचं कापड ओढायचं नाही, पट्टी किंचित ओढायची.

चादरीचा पायजमा होतो का?

होतो आणि मस्त होतो. पॅटर्न विकत आणू नका, अंगाला बसणारा एक सैल पायजमा उभा घडी घालून चादरीवर ठेवा, सगळीकडून एक इंच जास्त, वर नेफ्याला दोन इंच. पायाची कड चादरीच्या मूळ दुमडलेल्या काठावर आली पाहिजे, म्हणजे खालची दुमड फुकट मिळते. मधला भाग विरलेला नसेल तर ६० बाय ९० इंचाच्या सिंगल चादरीत मोठ्या माणसाचा एक पायजमा निघून वर पोरांच्या चड्ड्या होतात. सीटच्या शिवणीला दुहेरी टीप, विसरू नका.

सनकोट आणि स्कूटीच्या सीटचं काही होईल का?

ह्या दोन वस्तू तर नाशकात कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत सगळ्यांना लागतात. सनकोटला जुना कॉटनचा पडदा सगळ्यात चांगला, तो जाड असतो पण हवा जाते. जुना सनकोट उसवून त्याचाच पॅटर्न करा, बाही मात्र दोन इंच लांब ठेवा, गाडीचं हँडल धरलं की मनगट उघडं पडतं आणि तिथेच काळं होतं. बटणं जुन्या शर्टाची.

सीटला फिक्या रंगाचं कॉटन, दोन थर, कडेने नेफा आणि आत इलास्टिक, घट्ट बसलं पाहिजे. सॅटिनचं किंवा नायलॉनच्या साडीचं करू नका, ब्रेक मारला की आपण पुढे सरकतो. पाऊस लागला की काढून टाका, ओलं कव्हर वाळत नाही.

साडीचे पडदे टिकतात का?

पश्चिमेच्या खिडकीला नाही. ऊन रोज चार तास एकाच जागी पडलं की रंगही जातो आणि धागाही कुजतो, रेशमी असेल तर लवकर. मागे जुन्या चादरीचं अस्तर लावा, ऊन अस्तर खाईल, ते दोन वर्षांनी बदला. साडेपाच मीटरमधे सात फुटी दोन पडदे बसतात, नेफा आणि दुमड धरून एकाला ९२ इंच. चार फुटी खिडकीला एका साडीचे दोन पडदे चांगले चुणीदार दिसतात.

बाळासाठी झबली, दुपटी शिवायची आहेत.

खूप धुतलेली मऊ कॉटनची साडीच घ्या, आपल्याकडे पहिलं झबलं जुन्या कापडाचं करायची रीत उगाच नाही. शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवा, आत बाळाला टोचतात. जरीचा काठ कापून टाका. बटण, मणी, लेस नको, आणि गळ्याशी लांब नाडी तर अजिबात नको. दुपट्याला चौघडी घालून कडेने एक टीप आणि मधे फुली, एवढंच.

आईची पैठणी आहे, फाटली आहे. ड्रेस शिवू का?

थांबा जरा. आधी येवल्याला जाणारं कुणी असेल तर विणकराला दाखवा, पदर आणि काठ चांगले असतील तर बऱ्याच वेळा काहीतरी करता येतं. दुसरं म्हणजे जरी. जुन्या पैठणीत खरी चांदीची जरी असू शकते आणि तिला पैसे येतात, तेव्हा कापण्याआधी ओळखीच्या सराफाकडे दाखवून घ्या. आणि रेशीम घडीवरच चिरलेलं असेल तर ते ड्रेस होऊन अंगावर ताण सहन करणार नाही, त्याच्या पदराची फ्रेम करा, किंवा कॉटनच्या अस्तरावर पूर्ण टाचून बटवा. कुणाची परवानगी घ्यायची असेल तर कात्री लावायच्या आधी घ्या, ह्यावर घरात झालेली भांडणं मी बघितली आहेत.

किचनसाठी काय करता येईल?

एप्रन, पोळीच्या डब्यातलं फडकं, माठावर बांधायला, वाळवणावर झाकायला, सगळं. कुरडया-पापड्यांवर घालायला जुनी विरळ साडी कडा दुमडून ठेवली आणि चारही कोपऱ्यांना छोट्या खिशात एकेक गोटी शिवली की वाऱ्याने उडत नाही. पण गॅसपाशी जे काही येणार ते शंभर टक्के कॉटन, दोरासुद्धा कॉटनचा. नायलॉन, जॉर्जेट, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. गरम भांडं धरायच्या हातमोज्यात मधे जुना टॉवेल घाला, फोम किंवा उशीतला कापूस नको, बहुतेक उशांमधे पॉलिस्टरच असतं.

भाजीच्या पिशव्या जुन्या पॅंटच्या पायांच्या करा. २०१८ मधे राज्यात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आली तेव्हा सगळ्यांनी उत्साहाने शिवल्या होत्या, बंद तुटले म्हणून पडून आहेत. बंद पिशवीच्या नुसत्या कडेला शिवू नका, दोन इंच खाली उतरवून चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारा, पाच किलो कांदे खुशाल उचला.

दुपारी मशीनवर बसवत नाही, फॅन लावला तर कापड उडतं.

दुपारी बसूच नका. सकाळी सात ते दहा कापणं आणि मशीन, दुपारी फॅनखाली बसून टाचणं, उसवणं, बटणं लावणं, हूक लावणं, आणि इस्त्रीची सगळी कामं रात्री एकदम. घामाचे हात फिक्या कापडाला लावले की कडेला पिवळट डाग राहतात, शेजारी एक ओला नॅपकिन ठेवा. भिजवायचं कापड रात्री भिजवा, सकाळी आठला वाळत घातलं की दहापर्यंत कडकडीत वाळतं, त्यानंतर उन्हात राहू देऊ नका, रंग उडतो. उलटं करून घाला.

उरलेल्या चिंध्या?

हातभर असतील तर उरेब पट्ट्या, वीतभर असतील तर ठिगळं जोडून गोधडीचा वरचा थर, त्याहून लहान असतील तर पायपुसण्यात किंवा पिनकुशनमधे भरायला. टीशर्टाच्या लांब पट्ट्या कापून ओढल्या की गुंडाळतात, त्यांची वेणी घालून पायपुसणं होतं. तेवढंही जमणार नसेल तर गाडी पुसायला द्या, प्रत्येक चिंधीचं सोनं करायचा अट्टहास नको. माझ्या ओळखीत लोकांकडे चिंध्यांच्याच गोण्या झाल्यात.

बोहारणीला द्यायचं की शिवायचं?

एक नियम ठेवा, बाजूला काढून एक उन्हाळा गेला आणि शिवलं नाही तर पुढच्या उन्हाळ्याआधी द्या. जरीच्या, सिंथेटिकच्या, चांगल्या स्थितीतल्या साड्यांना बोहारीण भांडं देते, मऊ विरलेल्या कॉटनला ती नाक मुरडते, आणि शिवायला आपल्याला नेमकं तेच हवं असतं, त्यामुळे भांडणच नाही.

हे सगळं टेलरकडून करून घेतलं तर?

बरेच टेलर जुनं कापड घेत नाहीत आणि त्यांचंही बरोबर आहे, शिलाईवर फाटलं की गिऱ्हाईक त्यांनाच बोलतं. द्यायचंच असेल तर उसवून, धुवून, इस्त्री करून, विरलेल्या जागा खडूने दाखवून द्या आणि मापाचा जुना कपडा सोबत द्या. लग्नसराईत विचारू नका. शाळा सुरू व्हायच्या आधीचे पंधरा दिवस तर अजिबात नाही, तेव्हा त्यांच्याकडे युनिफॉर्मचे ढीग असतात आणि तुमची साडी ऑगस्टपर्यंत खुंटीवर राहील. पिको, इंटरलॉक एवढंच बाहेर द्या, बाकी घरी होतं.